‘तटस्थ’ रंगाची गोष्ट : शेडकार्ड, चुना आणि गेरूचा पट्टा

१

कराडच्या एका रंगाच्या दुकानात मी एकवीस वर्षे काउंटरवर उभा होतो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण या लेखाचा उगम कोणत्याही विद्यापीठात नाही. पदवी बहिःस्थ परीक्षा देऊन मिळवली. इंग्रजी वाचायला शिकलो ते शब्दकोश मांडीवर ठेवून. रंगांविषयीची पुस्तके रद्दीवाल्याकडून, ओळखीच्या मुलांकडून, जमेल तशी गोळा केली. पण ज्या प्रश्नासाठी ती वाचली तो प्रश्न दुकानात पडलेला होता.

मी कामाला लागलो तेव्हा गिऱ्हाईक रंग मागायचे ते वस्तूच्या नावाने. बदामी, मोतिया, पिस्ता, बिस्किट, आकाशी, चिंतामणी. पांढऱ्या डिस्टेंपरच्या डब्यात स्टेनरची नळी पिळून पेंटर स्वतः छटा बनवायचा आणि कांडी भिंतीवर टेकवून मालकाला दाखवायचा. पुढे दुकानात रंग मिसळण्याचे यंत्र आले. छटांना नावांबरोबर आकडे आले. शेडकार्डाची घडी उलगडली की काउंटरभर पसरू लागली. आणि २००५च्या पुढेमागे एक नवी मागणी सुरू झाली. ‘‘काका, हॉलसाठी काहीतरी न्यूट्रल दाखवा. कशावरही जाईल असं.’’

या एका वाक्यात दोन अपेक्षा आहेत. पहिली, रंग असावा पण तो डोळ्यांत भरू नये. दुसरी, सोफा, पडदे, फरशी काहीही असो, त्याचे कोणाशीही भांडण होऊ नये. असा रंग खरोखर असतो का, आणि नसेल तर आपण ‘न्यूट्रल’ म्हणून नेमके काय विकत घेतो, या प्रश्नांचा मागोवा मी या लेखात घेणार आहे. माझे म्हणणे आधीच मांडतो. तटस्थपणा हा कोणत्याही रंगाचा गुण नाही. घरात कोणती गोष्ट दिसावी आणि कोणती दिसू नये, याविषयी घेतलेला तो एक निर्णय असतो. निर्णय म्हटला की तो चुकू शकतो. माझा स्वतःचा कसा चुकला ते शेवटी सांगेन.

मराठीत या शब्दाला दोन पर्याय आहेत आणि दोन्ही बोलके आहेत. ‘तटस्थ’ म्हणजे तटावर उभा असलेला. नदीत काय चालले आहे ते तो पाहतो, स्वतः भिजत नाही. दुसरा पर्याय शाळेच्या रसायनशास्त्रातला : ‘उदासीन’. आम्लही नाही आणि आम्लारीही नाही, तो पदार्थ उदासीन. मूळ अर्थ ‘दूर बसलेला’; पण बोलीत त्याला खिन्नतेची छटा चढली आहे. एखादा हॉल तटस्थ होता होता उदासीन कधी होतो हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

काटेकोर अर्थाने तटस्थ रंग अस्तित्वात आहेत. अमेरिकेतले चित्रकलेचे शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगांना क्रमांक देण्याची एक पद्धत मांडली. तीत मधोमध एक उभा खांब आहे : तळाशी काळा, माथ्यावर पांढरा, मध्ये फक्त राखाडीच्या पायऱ्या. या खांबावर लाल, पिवळा, निळा यांचा लवलेश नाही. खांबापासून जितके दूर जावे तितका रंग गडद आणि भरीव. या हिशेबाने खांबावरच्या राखाडी पायऱ्याच तेवढ्या तटस्थ.

आता शेडकार्डाचे ‘न्यूट्रल’ पान घ्या. त्यावरची जवळपास एकही छटा या खांबावर बसत नाही. यंत्र काय करते ते मी हजारो वेळा पाहिले आहे. पांढऱ्या बेसच्या डब्यात काळ्याचे काही थेंब, पिवळ्या मातीचे काही, तांबड्या ऑक्साइडचा एखादा. तो तांबड्याचा एक थेंब म्हणजेच त्या छटेचा स्वभाव. शेडकार्डावर तो दिसत नाही, कारण शेजारचे तुकडेही त्याच जातकुळीचे असतात. कोऱ्या पांढऱ्या कागदावर तुकडा ठेवला की एक बेज गुलाबी निघते, दुसरी हिरवट, आणि ज्याला आपण राखाडी समजत होतो तो सरळ निळा किंवा जांभळा असतो. भिंतीवर गेल्यावर तर हा स्वभाव आणखी उघडा पडतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात, तो प्रकाश दर उसळीला त्याच रंगातून गाळून येतो, आणि कार्डावर फिकट वाटलेली छटा खोलीत दाट होते. ‘‘काका, मी क्रीम घेतला होता, हा तर पिवळा निघाला,’’ ही तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक खोटे बोलत नसे आणि डबाही चुकलेला नसे.

२

हे कोडे शास्त्रीय रीतीने सोडवणारा माणूस रंगारी नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. मिशेल युजेन शेव्ह्रल १८२४ साली पॅरिसच्या गोबेलँ या राजाश्रयी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चित्रणात सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका, निस्तेज दिसतो. शेव्ह्रलने दुसरीकडच्या कारखान्यांतला काळा धागा आणून तपासला. गोबेलँच्या काळ्या रंगात काही खोट नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता. निळ्याजवळ ठेवलेल्या काळ्यावर डोळा आपसूक निळ्याच्या विरोधी रंगाची झाक चढवत होता, आणि काळा मळकट वाटत होता. यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला स्वतःपासून दूर ढकलतो, हे त्याचे सार.

या नियमाचा सर्वांत मोठा तडाखा बसतो तो फिकट रंगांना. भडक लाल हिरव्याशेजारी आणखी लाल होईल, पण लालच राहील. राखाडीला मात्र स्वतःचे असे काही नसते, त्यामुळे शेजारी बदलला की त्याची जातच बदलते. तीच राखाडी भिंत लालसर सागवानी कपाटाशेजारी हिरवट दिसते आणि हिरव्या पडद्याशेजारी गुलाबी. योझेफ अल्बर्स यांनी १९६३ सालच्या आपल्या रंगविषयक पुस्तकात विद्यार्थ्यांकडून हेच करून घेतले आहे : एकाच कागदाचे दोन तुकडे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर असे ठेवायचे की ते एक आहेत यावर विश्वास बसू नये.

म्हणजे ‘कशावरही जाईल असा’ रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही जो रंग देत होतो, तो वस्तुतः सर्वांत परावलंबी रंग होता. भिंतीची निवड भिंतीपासून सुरू होऊच शकत नाही. ती सुरू होते घरात जे बदलणार नाही तिथून, म्हणजे बहुतेक वेळा फरशीपासून. शहाबादी फरशीत निळसर राखाडी असते, कोट्यात हिरवट. त्यांच्यावर गुलाबी स्वभावाची बेज चढवली की भिंत आजारी वाटते. तिथे किंचित हिरव्या-पिवळ्याकडे झुकलेला पांढरा बसतो. हल्लीच्या पिवळट चकचकीत टाइल्सवर थंड राखाडी भिंत आणली तर टाइल जुनाट, पिवळी पडल्यासारखी दिसते. जुन्या मोझेकचे वेगळेच. त्यातल्या खड्यांमध्येच चार-पाच रंग असतात. त्यांतला सर्वांत फिकट खडा निवडून भिंतीवर न्यावा, घर आपोआप जुळते. एका घरात एकच स्वभाव धरून त्याच्या कमी-जास्त दाट छटा वापरणे आणि दोन स्वभावांची सरमिसळ टाळणे, हे जुळवाजुळवीचे अर्धे शास्त्र आहे. चांगल्या पेंटरांना ते शेव्ह्रल न वाचता माहीत असते.

शेव्ह्रलने घराच्या सजावटीवरही लिहिले आहे. गडद भिंतकागद प्रकाश गिळतात म्हणून ते त्याला नको होते, आणि लाल व जांभळ्या भिंती माणसाची कांती बिघडवतात म्हणून त्याही नको होत्या. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की त्याच्यासाठी भिंत हा शेवटचा मुद्दा नाही. भिंतीपुढे बसलेले माणूस कसे दिसते, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

३

शेव्ह्रलनंतर शतकभराने या चर्चेत नीतीचा सूर आला, आणि तो ज्याने सर्वांत मोठ्याने लावला त्याचे नाव ल कॉर्ब्युझिए. चंदीगडमुळे हे नाव आपल्याला परके नाही. १९२५ साली सजावटकलेवर त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे इंग्रजी भाषांतर १९८७ साली आले. त्यातले एक प्रकरण चुन्याच्या सफेदीवर आहे. प्रत्येक नागरिकाने घरातले पडदे, भिंतकागद, नक्षी काढून टाकावी आणि भिंतींना पांढऱ्या रिपोलिनचा एक स्वच्छ हात द्यावा, असा कायदाच तो तिथे सुचवतो. पांढऱ्या भिंतीवर काहीही लपत नाही, घर स्वच्छ झाले की माणूसही आतून स्वच्छ होतो, हा त्याचा युक्तिवाद. चुना हे राजा आणि गुलाम दोघांचेही धन आहे, असेही तो भावुक होऊन सांगतो.

हे प्रकरण पहिल्यांदा वाचले तेव्हा मी भारावलो होतो. चुन्याची एवढी थोरवी मी कुठे वाचली नव्हती. पण मी दुकानदारीतला माणूस. दुसऱ्या वाचनाला मला एक गोष्ट खटकली आणि ती अजून खटकते. प्रकरणाच्या मथळ्यातच दोन वस्तू आहेत : चुना आणि रिपोलिन. लेखक एकाचे गुण गातो आणि दुसऱ्याची शिफारस करतो. रिपोलिन हा कारखान्यात तयार होणारा एनॅमल रंग. चुना आणि एनॅमल दोन्ही पांढरे, एवढेच त्यांच्यातले साम्य.

आमच्या गावच्या घरी दसऱ्याच्या आधी चुन्याची कळी आणून मडक्यात विरवत. पाणी खदखदायचे, आम्हां पोरांना जवळ येऊ देत नसत. मग त्यात डिंकाचे पाणी आणि निळीची पुरचुंडी. नीळ कशाला, हे तेव्हा कळत नव्हते. चुना सुकल्यावर त्यात किंचित पिवळेपणा राहतो. निळ्याचा अंश त्या पिवळ्याला मारतो आणि भिंत अधिक पांढरी भासते. म्हणजे आमच्या घरातला ‘शुद्ध’ पांढराही दोन रंगांच्या तडजोडीतून आलेला होता. ओला चुना भिंतीवर जवळपास दिसतच नाही. सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड बनत जातो आणि हळूहळू भिंत उजळते. ती भिंत ओल आत कोंडत नाही. तिचे पांढरे अंगाला लागते, पावसाळ्यात डाग पडतात, आणि दर वर्षी घरातल्या माणसांना कुंचे घेऊन उभे राहावे लागते. एनॅमलची भिंत पुसता येते, पण ती श्वास घेत नाही आणि तिच्यासाठी डबा विकत आणावा लागतो. चुन्याचे पांढरे हे दर वर्षीच्या कामाचे पांढरे होते. रिपोलिनचे पांढरे हे एकदाच्या खरेदीचे. ल कॉर्ब्युझिए पहिल्याची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो. आजची ‘न्यूट्रल’ची सगळी जाहिरातबाजी, साधेपणा, शांतता, निर्मळपणा हे शब्द वापरून याच उसनवारीवर चालते, असे मला वाटते.

दुसरी विसंगती अधिक गमतीची आहे. हा कायदा लिहिला जात असतानाच पॅरिसमध्ये त्याने बांधलेले ला रोश यांचे घर पुरे होत होते. बाहेरून पांढरे. आत मात्र वेगवेगळ्या भिंतींना तपकिरी, निळे, राखाडी असे वेगवेगळे रंग. कोणती भिंत पुढे यावी आणि कोणती मागे सरावी, हे तो रंगांनी ठरवत होता. जगाला त्याची घरे दिसली ती काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांतून, आणि आधुनिक घर म्हणजे पांढरे घर ही समजूत रुजली. मार्क विग्ली यांनी १९९५ साली या पांढऱ्या भिंतींच्या मिथकावर अख्खे पुस्तक लिहिले आहे.

पुढे १९३१ साली हाच ल कॉर्ब्युझिए सालुब्रा या स्विस भिंतकागद कंपनीसाठी ४३ छटांचे नमुनापुस्तक तयार करतो. त्यात राखाडीचीच एक उतरंड आहे. छटा बारा पट्ट्यांवर मांडलेल्या असून पट्ट्यांना अवकाश, आकाश, मखमल, भिंत, वाळू, निसर्गदृश्य अशी नावे आहेत. बरोबर भोके पाडलेला एक पुठ्ठा दिलेला असे. तो पट्टीवर सरकवला की काही छटा झाकल्या जात आणि तीन किंवा पाच निवडक छटाच एकत्र दिसत. माझ्या मते शेडकार्डाच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी कल्पना आहे, कारण एकटी छटा निवडू नका, तिचा शेजार निवडा, हे ती हाताला शिकवते. शेव्ह्रलचा ग्रंथ त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यात मावला आहे. पण १९२५चा कायदा सगळ्यांच्या तोंडी राहिला आणि १९३१चा पुठ्ठा विस्मरणात गेला. हुकूम लक्षात राहतात, रीत विसरली जाते.

४

ल कॉर्ब्युझिएच्या पुस्तकानंतर आठ वर्षांनी, १९३३ साली, जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी यांनी अंधाराची बाजू घेणारा आपला सुप्रसिद्ध निबंध लिहायला घेतला. त्याची सुरुवात घर बांधण्याच्या कटकटींपासून होते : विजेच्या तारा कुठे लपवाव्यात, न्हाणीघराला टाइल लावावी की नाही. जपानी घराच्या भिंती वाळूच्या, मंद, मुद्दाम फिक्या ठेवलेल्या असतात आणि खोलीखोलीतला फरक रंगाचा कमी, सावलीचा जास्त असतो, हे त्यांचे निरीक्षण फार सूक्ष्म आहे. तिथली भिंत तटस्थ आहे ती तिच्यावर पडणाऱ्या क्षीण उजेडाचा सन्मान म्हणून. एकाच शब्दाखाली दोन परस्परविरोधी हेतू वावरू शकतात ते असे. ल कॉर्ब्युझिएला भिंत हवी ती सर्व काही उघडे पाडण्यासाठी. तानिझाकींना ती हवी काही गोष्टी अर्धवट झाकलेल्या राहाव्यात म्हणून.

तानिझाकींचे आपल्याकडे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्यांची वाळूची भिंत जशीच्या तशी उचलून पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणणाऱ्यांना मी सावध करू इच्छितो. तिथला उजेड रुंद ओसरीच्या छपराखालून आणि कागदी दारांतून गाळून येतो. आपल्या फ्लॅटमध्ये तो कुठून येतो? बहुधा दहा-पंधरा फुटांवरच्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीवरून. त्यांनी गेल्या वर्षी बाहेरून केशरी रंग दिला असेल तर तुमच्या हॉलचा राखाडी यंदा बदलला आहे. कोकणात जांभ्या दगडाचे अंगण लाल उजेड आत फेकते, पावसाळ्यात तीच खिडकी झाडांचा हिरवा उजेड आणते.

इंग्रजी मार्गदर्शिकांत एक नियम नेहमी आढळतो : उत्तरेच्या खोलीत निळसर, थंड उजेड येतो, म्हणून तिथे पिवळसर किंवा तांबूस झाक असलेले रंग द्या. इंग्लंडात हे बरोबर आहे. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. आपला देश कर्कवृत्ताने कापलेला आहे, आणि अख्खा महाराष्ट्र त्या वृत्ताच्या खाली येतो. पुणे-सातारा भागात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलै संपेपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. शिवाय आपला खरा प्रश्न थंड उजेडाचा क्वचितच असतो. आठ महिने झळाळत्या उन्हाचा आणि चार महिने ढगांच्या करड्या उजेडाचा, असा तो दुहेरी आहे. मार्चमध्ये निवडलेला शांत राखाडी जुलैत ओल्या सिमेंटसारखा दिसतो. रात्रीचे तर विचारूच नका. आपल्या घरांतल्या पुष्कळ एलईडी नळ्या ६५०० केल्विनच्या, निळसर पांढऱ्या. त्यांच्याखाली पिवळट बेज मळकट होते. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली तीच उबदार वाटते. रंग बदलण्याआधी दिवा बदलून पाहा, हा सल्ला मी दुकानात उभा राहून देत असे, आणि मालकांना तो मुळीच आवडत नसे.

५

आता थोडे आपल्या अभिरुचीविषयी. मराठी समीक्षेत ‘भडक’ हा शब्द कादंबरीलाही लागतो आणि भिंतीलाही. त्याच्या विरुद्ध ‘सौम्य’, ‘संयत’, ‘सोज्वळ’. हे शब्द रंगाचे वर्णन करत आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात ते माणसांची वर्गवारी करतात. ही केवळ आपली खोड नाही. गटेने १८१० सालच्या आपल्या रंगविचारात नोंदवले आहे की रानटी समाज, अशिक्षित लोक आणि लहान मुले यांना झगझगीत रंग आवडतात, आणि सुसंस्कृत माणसे कपड्यांत व भोवतालच्या वस्तूंत ते टाळतात. व्हिएन्नाच्या आडॉल्फ लोसने विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकरणाची तुलना गुन्ह्याशी केली आणि पांढऱ्या भिंतींच्या नगराचे स्वप्न पाहिले. डेव्हिड बॅचलर यांनी २००० साली ‘क्रोमोफोबिया’ या पुस्तकात पाश्चात्त्य विचारातल्या या रंगभयाचा छडा लावला : रंग म्हणजे परका, बायकी, पोरकट, खालचा, रंगहीनता म्हणजे बुद्धी.

काउंटरवर हेच मी सातारी बोलीत ऐकले आहे. ‘‘असले रंग वस्तीत देतात हो.’’ वस्तीतल्या निळ्या भिंतीला भडक म्हणणाऱ्याला तिथे फक्त रंग दिसतो. त्या घरात राहणाऱ्यासाठी तो निळा बाबासाहेबांशी जोडलेला असतो. आपला क्रीम रंग निःपक्ष आणि त्यांचा निळा तेवढा पक्षपाती, असे मानणे म्हणजे आपण ज्या काठावर उभे आहोत तो काठ नदीचा भागच नाही असे मानण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी कशाला म्हणावे हेसुद्धा ज्याच्या त्याच्या मातीवर ठरते. वारली घराची भिंत शेणामातीने आणि गेरूने सारवलेली, तांबूस-तपकिरी. तिथे ती भिंत गप्प असते, आणि बोलतो तो तांदळाच्या पिठाचा पांढरा. आपण ज्याला रिकामा रंग समजतो तो तिथे लग्नाच्या चौकाचा रंग आहे. कोकण-गोव्यातल्या कावी कामात चुन्याचा पांढरा थर आणि काव यांचे नाते असेच बरोबरीचे असते. थर खरवडून एकातून दुसरा प्रकट केला जातो. ‘पांढरा म्हणजे काहीच नाही’ हे आपल्या भागातल्या कारागिराने कधी मानलेले दिसत नाही.

६

शेवटी माझी स्वतःची चूक.

वडील गेल्यावर आईला मी गावाहून फ्लॅटमध्ये आणले. त्याआधी घर रंगवले. दुकान तोपर्यंत सोडले होते, पण सवलत मिळत होती आणि ज्ञानाची घमेंडही होती. हिरवट-पिवळ्या स्वभावाचा एक अतिशय फिका पांढरा मी निवडला. फरशीशी त्याचा सूर तंतोतंत जुळत होता. दारे आणि चौकटी त्याच छटेच्या ऑइल पेंटमध्ये, स्विचबोर्ड पांढरे, न्हाणीघराच्या टाइल्स हस्तिदंती. घर बघायला आलेला प्रत्येक जण ‘किती प्रसन्न’ म्हणाला. ज्या तत्त्वांविषयी मी वर लिहिले आहे ती सगळी मी पाळली होती.

आईच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार तेव्हा सुरू झालेला होता. तिला आकार दिसत, पण फिक्यावर फिके वेगळे होत नसे. ती भिंतीवर हात फिरवत बटण शोधायची. मला वाटायचे, नवीन जागा आहे, होईल सवय. एकदा म्हणाली, ‘‘अरे, भिंत कुठं संपती तेच कळंना. सगळीकडं नुस्तं धुकं झालंय.’’ मी हसण्यावारी नेले. पुढच्याच आठवड्यात न्हाणीघराच्या दाराशी ती पडली. दार अर्धे उघडे होते, ते तिला भिंतच वाटले. उजवे मनगट मोडले.

त्या दीड महिन्यात मी पुन्हा वाचायला बसलो आणि इतकी वर्षे वगळलेला एक आकडा मला सापडला. रंगाच्या डब्यांच्या तांत्रिक माहितीत तो असतो : पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फिरतो त्याचे मूल्य. निव्वळ काळा शून्य, आदर्श पांढरा १००. ब्रिटनमध्ये सर्वांना वापरता येतील अशा इमारतींसाठी बीएस ८३०० हे मानक आहे. अधू दृष्टीच्या माणसाला भिंत आणि दार, भिंत आणि फरशी वेगळी कळावीत म्हणून शेजारच्या पृष्ठभागांत या मूल्याचा ३० गुणांचा फरक असावा, अशी त्याची शिफारस आहे. माझ्या घरात भिंत, दार आणि फरशी यांच्यात दहाचाही फरक नव्हता. मी रंगांचे स्वभाव जुळवले होते, त्यांचा उजेड मोजला नव्हता. छटा एकमेकींशी जुळल्या आणि आईला त्या घराची वाट दाखवणारे काही उरले नाही.

प्लास्टरमधला हात घेऊन आई खुर्चीत बसलेली असताना मी तिला विचारले, काय केले म्हणजे तुला दिसेल? तिने क्षणाचाही विचार केला नाही. ‘‘खालनं गेरूचा पट्टा वढ की. आपल्या घरी हुता तसा.’’

गावच्या घरात चुन्याच्या भिंतीला खालून दीड हात उंच गेरू असायचा. मी आजवर त्याचे कारण असे धरून चाललो होतो की पावसाचे शिंतोडे, सारवणाचे डाग आणि पाठी टेकून बसणाऱ्यांचा मळ त्यात लपतो. ते खरेच आहे. पण कंदिलाच्या उजेडात जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे तो पट्टा घरातल्या म्हातारीला सांगत होता, आणि तेल पाजलेली काळपट चौकट दार कुठे आहे ते सांगत होती. पांढरा वर उजेड वाटत होता, गेरू खाली रस्ता दाखवत होता. त्या जोडीत कोणी तटस्थ नव्हते. दोघांनाही कामे होती.

आम्ही भिंतींच्या तळाशी वीतभर उंचीचा गेरूच्या रंगाचा पट्टा ओढला. चौकटी गडद तपकिरी केल्या. बटणांच्या पाट्यांभोवती त्याच रंगाची बोटभर किनार. भिंतीचा फिका पांढरा तसाच ठेवला; त्याचे वाईट काहीच नव्हते, फक्त त्याला एकटे सोडायला नको होते. वर्णनात वाटते तितके हे विजोड दिसत नाही. गेरूतही तोच मातीचा पिवळा आहे, जो माझ्या भिंतीत थेंबभर आहे. आई त्यानंतर चार वर्षे त्या घरात भिंतीला हात न लावता वावरली.

आता ओळखीचे कोणी रंगाविषयी विचारायला आले की मी आधी शेडकार्ड उघडत नाही. फरशी कोणती, खिडकीसमोर काय आहे, रात्री कोणता दिवा लागतो, हे विचारतो. मग मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो पुठ्ठा आठवडाभर खोलीतल्या प्रत्येक भिंतीवर, सकाळी आणि रात्री, टेकवून बघायला सांगतो. आणि शेवटी विचारतो, घरात सर्वांत कमी कोणाला दिसते? हा प्रश्न ऐकून लोक थोडे गोंधळतात. ते ‘न्यूट्रल’ मागायला आलेले असतात. पण त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की भिंत कोणाच्या बाजूने उभी करायची ते ठरवता येते.